बिनाटोपीचा सहा, बिनाचपलेचा नऊ

मी ७४४७ बोलतेय. हा मोटारसायकलचा नंबर नाही, माझं नाव आहे. आमच्या जमातीत आकड्यालाच नाव म्हणतात. रंगाने मी काळी, लांबीला शेंगदाण्याच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय. सोळा पाय असूनही मला एक पाऊल टाकता येत नाही. माणसंच मला चिमट्यात धरून इकडून तिकडे नेतात. दुरुस्तीवाले मला आयसी म्हणतात. नवख्या माणसाला मी आधी झुरळ वाटते. मी ते मनावर घेत नाही.

माझं काम दुभाष्याचं. यंत्राला माणसाची भाषा येत नाही. ते चार तारांवर खूण पाठवतं, कुठे वीज असते आणि कुठे नसते. त्यावरून आकडा कोणता हे मी ओळखते, आणि समोरच्या काचेवरच्या सात लाल रेघांपैकी कोणत्या पेटवायच्या ते ठरवते. आठ असला की साती पेटवते, एक असला की उजवीकडच्या दोनच. जुन्या वजनकाट्यांवर असे कोनाकोनांचे लाल आकडे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यामागे माझ्यासारखीच कुणीतरी बसलेली असते.

जन्मापासून माझ्यात एक खोड आहे. सहा काढताना मी डोक्यावरची आडवी रेघ पेटवत नाही आणि नऊ काढताना पायाखालची. असं का, ते मला घडवणाऱ्यांना ठाऊक. पुढे माझी एक धाकटी चुलतबहीण निघाली, ७४२४७. सगळं माझंच, पायही तितकेच, फक्त तिच्या सहाला वर रेघ आणि नऊला खाली रेघ. लोक म्हणाले, ही सुधारलेली. मग मी कोण, ते कुणी बोललं नाही, पण मला समजलं.

माझ्या पाठीवर छाप आहे त्यावरून माझा जन्म १९८४ सालचा. समुद्रापलीकडून मुंबईला आले, तिथून आम्ही आठ बहिणी काळ्या स्पंजात पाय रोवून रेल्वेने अकोल्याला ओमप्रकाशजींच्या दुकानात पोचलो. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. ओमप्रकाशजी तेव्हा पंचविशीचे होते आणि रेडिओ दुरुस्त करताना रेडिओशीच बोलायचे. अजूनही बोलतात.

बहिणी एकेक करून गेल्या. एक अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायच्या यंत्रात लागली. एक कॉलेजच्या कुणाच्या प्रयोगात गेली. त्याने तिला उलटी बसवली, आणि बिचारीचा संसार एका धुरात आटोपला. एक वामनरावांनी नेली. ते अकोट रस्त्यावरच्या एका गावचे वायरमन, घरची वांगी-मेथी-झेंडूची शेती, आणि ओमप्रकाशजींचे दोस्त. शेवटी मी एकटी उरले.

ड्रॉवरमध्ये पडून राहण्याचा कंटाळा येतो असं तुम्हाला वाटत असेल. मला नाही आला. दुकानात बसून जेवढी माणसं कळतात तेवढी क्वचितच कुठे कळत असतील. वस्तू बिघडवून आणणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य एकच बोलतो, "काहीच नाही केलं जी, आपोआप बंद पडला." टीव्हीच्या डोक्यावर थापा मारून मारून त्याला आडवा केलेला माणूसही हेच सांगतो. आणि वस्तू चालू झाली की तिच्याकडे न बघता आधी दुकानदाराकडे बघतो, जणू त्यानेच ती मुद्दाम बंद पाडली होती.

तर गेल्या डिसेंबरात वामनरावांचा मुलगा किशोर मेथीच्या पिशवीतून एक सर्किट घेऊन आला. वामनराव चार वर्षांपूर्वी वारले. त्यांनी जुन्या लाकडी कपाटाची अंडी उबवायची पेटी केली होती, आणि आतली गरमी दाखवणारे आकडे बाहेर काचेवर येत. ती पेटी किशोरच्या आई लीलाबाई चालवत होत्या. आता आकडे दिसेनात.

ओमप्रकाशजींनी तपासलं. त्यात बसलेली माझी बहीण गेली होती. वय झालं होतं तिचं. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत मी होते आणि शेजारी चुलतबहीण.

"किशोर, जुन्यातली बी हाय अन् सुधारित बी हाय," ओमप्रकाशजी म्हणाले. "सुधारितच टाकतो. आकडे कसे शोरूमवानी दिसतीन."

"टाका नं काका. आकडा दिसला म्हन्जे झालं."

चुलतबहीण गेली. पुरुषमाणसं हौसेने दुरुस्ती करतात तेव्हा आधी होतं त्यापेक्षा बरं करून द्यायची त्यांना फार हौस असते. ओमप्रकाशजी त्या दिवशी खुशीत होते. मला त्यांनी उचललं, "तुले आता कोन इचारते, बाप्पा!" म्हटलं, आणि भंगार आयसींच्या बिस्किटाच्या डब्यात टाकलं. तिथे माझ्यासारख्या तीन-चारशे काळ्या पाठी एकमेकींवर पडल्या होत्या. मीही पडले.

संक्रांतीनंतर तेच सर्किट परत आलं. या वेळी किशोरबरोबर लीलाबाई स्वतः होत्या. बुटक्या, सावळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं सर्किट त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"ओमप्रकाशभाऊ, हे ठेवा तुमच्यापाशी. कोनाच्या कामी पडलं तं देऊन टाका."

"काहून वो वयनी? पुन्हा बिघडलं?"

"ते नाई बिघडलं. मीच बिघडली."

किशोर म्हणाला, "काका, अठ्ठ्यान्नव अंडे ठेवले होते. नऊ पिल्लं निंगाले, त्यातलं एक लंगडं. आता मी म्हनतो, आई, लय झालं. आराम कर. दोन वक्त देवाचं नाव घे."

"देवाचं नाव घ्याले मले हात रिकामे लागत नाई," लीलाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी डब्यात पडल्या पडल्या ऐकलं. त्यांच्या गावात एक रीत पडली होती. ज्या घरी अंडी साठत त्या घरची बाई ती लीलाबाईंच्या पेटीत ठेवायला आणायची, आणि आपापल्या अंड्यांवर खूण करायची. कुणाची हळदीची रेघ, कुणाचं निळीचं बोट, शेजारच्या तानुबाईचा काजळाचा ठिपका. खुणेप्रमाणे अंडी वेगवेगळ्या खणांत. दिवसातून तीनदा ती फिरवायची, आणि एकविसाव्या दिवशी ज्याची त्याची पिल्लं ज्याच्या त्याच्या घरी. चारांमागे एक पिल्लू लीलाबाईंचं. वीस वर्षं हे असं चाललं होतं. आणि आता अठ्ठ्याण्णवातली एकोणनव्वद अंडी वाया गेली, असं त्यांना घरोघर जाऊन सांगावं लागलं होतं.

"तानुबाई म्हने, लीलाबाई, तुह्या पेटीतून आता पिल्लं नाई, आमलेट निंगते. साऱ्या बाया हासल्या. मीबी हासली. काय करतं? पह्यले कोनाच्या घरी अंडे साठले का आधी माह्या दारात येत. आता दारावरून जातात तं दुसरीकडं पाह्यत जातात."

आपलं काम सदोष निघालं हे दुरुस्तीवाल्याला सहजासहजी पटत नाही. ओमप्रकाशजींनी सर्किटला वीज जोडली आणि गरमी मोजणाऱ्या तारेजवळ टेबललॅम्प आणला. आकडे चढत चढत गेले, आणि एका ठिकाणी त्यांनी दिवा बाजूला घेतला.

"पाहा वयनी. किती झाले?"

लीलाबाईंनी मान पुढे केली. "अडतीस. बरोबर तं हाय."

"आई!" किशोर म्हणाला. "छत्तीस हाय ते."

"छत्तीस कसा राह्यीन? याले तं टोपी हाय."

"कोनाले टोपी हाय?"

"सहाले."

दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. लीलाबाई जरा ओशाळल्या, मग सांगू लागल्या. "मले काई इंग्रजी आकडे वाचता येत नाई. शाळेत गेली असती तं आले असते. आपल्याले सदतीस-अडतीस पाह्यजे. छत्तीस झाला का सहा येते, अन् सहाच्या डोक्यावर टोपी नसते. बिनाटोपीचा दिसला का समजाचं, पेटीले थंडी वाजून राह्यली. दुसरा बल्ब लावाचा, वाकळ टाकाची. अन् नऊच्या पायात चप्पल नसते. बिनाचपलेचा दिसला का समजाचं, चटके बसून राह्यले. पेटीची खिडकी उघडाची. दोघंई नसले तं सारं बराबर चालू हाय."

"हे कोनं शिकवलं तुमाले?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

"किशोरच्या बाबानं. पेटी बनवली तवा म्हने, ये, आकडे शिकवतो. मी म्हनलं, ह्या वयात मले शाळेत नोका बसवू. तं म्हने, शाळा नाई, नुसती दोन मानसं ओळखाची हायेत." त्यांनी फडक्याची घडी सारखी केली. "ते गेले, पन हे दोघं रोज भेटत होते. मागच्या महिन्यापासून एकडाव नाई दिसले. मी म्हनलं, चाला, मशीन शहानी झाली."

मला सगळा उलगडा झाला. चुलतबहिणीच्या सहाला टोपी आणि नऊला चप्पल. वरून लीलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदूची साय धरलेली, त्यामुळे टोपीवाला सहा, चप्पलवाला नऊ आणि आठ हे तिघंही त्यांना एकाच घरचे वाटले. डिसेंबरच्या कडाक्यात पेटी गारठत होती, माझी चुलतबहीण इमानदारीने छत्तीस दाखवत होती, आणि लीलाबाई समाधानाने अंडी फिरवत होत्या. चूक कुणाचीच नव्हती, आणि अंडी मात्र गेली होती.

"मले काहून नाई सांगतलं हे?" किशोरने विचारलं.

"तू कधी इचारलं?"

ओमप्रकाशजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वयनी, तुमी नाई बिघडल्या. मीच शहानपन केलं. आता ती जुनीच बसवतो."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि कपाळावर हात मारला. मी कुठे आहे हे त्यांना आठवलं होतं.

बिस्किटाचा डबा वर्तमानपत्रावर उपडा झाला. चाळीस वर्षांत माझी पाठ पुसट झाली होती आणि आम्ही सगळ्या काळ्या. ओमप्रकाशजी एकेक डोळ्याजवळ नेऊन बघू लागले. दहा झाल्या, वीस झाल्या. "आज नाई होत हे," ते म्हणाले.

"सरका," लीलाबाई म्हणाल्या. "पाय किती रायतात तिले?"

"सोळा."

त्यांनी तांदूळ निवडायला बसतात तशी बैठक मारली. दिसायचा प्रश्न नव्हताच. डाव्या हाताने ओढायचं, नखाने पाय मोजायचे आणि आठ-आठ असले तर उजवीकडे सारायचं. चौदा पायांच्या खड्यासारख्या बाजूला. भराभर ढीग उतरला. शेवटी सोळा पायांच्या पन्नासेक उरल्या. ओमप्रकाशजींनी प्रत्येकीच्या पाठीवर खडू घासला आणि बोटाने पुसला. खडूची पांढरी भुकटी खोलगट अक्षरांत बसते आणि पुसट नाव उठून दिसतं. सतरावी की अठरावी मी होते. माझ्या पाठीवर बोट फिरलं आणि ओमप्रकाशजी ओरडले, "सापडली, सापडली! इचीबहीन, इथंच होती!"

वामनराव धोरणी माणूस. त्यांनी सर्किटवर आयसीसाठी आधीच खोबण लावून ठेवली होती, त्यामुळे वितळलेल्या कथलाचा डाग द्यायची गरज पडली नाही. चुलतबहिणीला काढलं, मला दाबून बसवलं. सोळाच्या सोळा पाय पहिल्यांदाच आपल्या जागी टेकले. मग वीज आली. चाळीस वर्षं वाट पाहिल्यावर अंगातून पहिली वीज जाते तेव्हा काय होतं, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, माझ्याकडे दहाच आकडे आहेत. दिवा जवळ आला. चौतीस, पस्तीस. मग मी माझा सहा काढला, जसा मला येतो तसा.

लीलाबाई इतक्या पुढे झुकल्या की त्यांचा चष्मा काचेला लागला. "आला वो," त्या म्हणाल्या. "बिनाटोपीचा आला."

ओमप्रकाशजींनी आवाज चढवला. "वयनी, डोये बी दाखवून घ्या. नाईतं पुढच्या वर्सी मीबी तुमाले अडतीस दिसीन."

"दाखवतो काका, ह्याच महिन्यात नेतो," किशोर म्हणाला.

"डोये दाखवीन," लीलाबाई म्हणाल्या, "पन पह्यले अंडे."

एसटीने आम्ही गावी आलो. पेटी चालू झाली, पण पेटीत ठेवायला होतं काय? लीलाबाईंच्या स्वतःच्या कोंबड्यांची चौदा अंडी. बाकीचे खण मोकळे. दोन दिवस त्यांनी पेटीचं दार उगाच उघडलं-लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तानुबाई पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. सात अंडी, प्रत्येकावर काजळाचा ठिपका.

"ठेवाचे म्हनून नाई आनले," त्या म्हणाल्या. "घरात उंदरं झाले. इथं ठेवते."

"ठेव नं. माह्याइथं उंदरं नाई."

"अन् पिल्लं नाई निंगाले तं आमलेट तूच करजो. मीठ जरा बेतानं टाकजो, तुह्या हातानं जास्त होते."

"तू खाशीन तवा सांगजो."

एकवीस अंडी आणि एकवीस दिवस. लीलाबाईंनी पेटीत कधी इतकी कमी अंडी आणि इतकी जास्त काळजी ठेवली नव्हती. मी दोनदा बिनाटोपीचा दाखवला, आणि दोन्ही वेळा बल्ब लागला, वाकळ आली. लाईट गेली की त्या पेटीला पाठ लावून बसत. तेव्हा मी आंधळी असते, पण पेटीच्या फळीतून त्यांची पाठ कळते.

सतराव्या दिवशी दुपारी ऊन एकदम तापलं. फेब्रुवारी असला तरी आमच्या वऱ्हाडात उन्हाला घाई असते. लीलाबाई झेंडू तोडायला मळ्यात होत्या. घरात नुसता किशोर, तोही मेथीच्या जुड्या बांधत, पेटीकडे पाठ करून. मी एकोणचाळीस दाखवत होते. मला हाक मारता येत नाही. माझ्या हातात एवढंच होतं की रेघा पेटत्या ठेवायच्या.

किशोर सुतळी घ्यायला उठला. पेटीपाशी येऊन थबकला. वाकून पाहिलं. मग खिडकी उघडली, एक बल्ब काढला, आणि दारात जाऊन मळ्याकडे तोंड करून ओरडला,

"आई, बिनाचपलेचा आला होताऽ! उघडली मी खिडकी!"

लांबून आवाज आला, "किती उघडली?"

"चार बोटं!"

"दोन कर!"

एकविसाव्या दिवशी पहाटेपासून पेटीत टकटक सुरू झाली. माझ्या अगदी जवळून. दुपारपर्यंत एकवीसपैकी एकोणीस पिल्लं बाहेर आली होती, आणि काजळाच्या ठिपक्याच्या खणात सातही. तानुबाई टोपलं घेऊन आल्या. प्रत्येक पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं, लंगडं नाही ना याची खात्री केली, आणि मग जाता जाता म्हणाल्या, "तेरा अंड्याइले काजळ लावून ठेवलं हाय. उद्या आनते. कायजी घेजो."

आज हे सांगतेय तेव्हा पेटीत एकशे बारा अंडी आहेत. हळदीची, निळीची, काजळाची. लीलाबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांना आठ आणि सहा लांबूनही वेगळे दिसतात. तरी त्या आधी टोपी बघतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

माझं वय झालं आहे. एक दिवस माझ्याही रेघा विझतील आणि कुणीतरी मला चिमट्यात धरून बाहेर काढेल. त्याची भीती नाही. एकच विनंती आहे. तुम्ही कुणाची वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा ती नीट चालते का एवढंच बघू नका. रोज तिच्याकडे कोण बघतं, आणि त्या माणसाला ती कशी दिसते, हेही एकदा विचारा. सुधारणा करायला मग सगळा दिवस आहे.

परवा ओमप्रकाशजी पिल्लं बघायला आले होते. जाताना त्यांनी माझ्या शेजारी, सर्किटच्या पाटीवर, एक कागद चिकटवला. लीलाबाईंनी किशोरला विचारलं, "काय लिवलं हाय?"

"ही आयसी बदलण्याआधी लीलाबाईला विचारणे."

"बरं हाय." त्या अंडी फिरवत होत्या. निळीच्या खणातलं शेवटचं अंडं त्यांनी फिरवलं. "अन् मी नसली तं?"

ओमप्रकाशजींच्या खिशातला पेन किशोरने मागून घेतला, वाकला, आणि कागदावर जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, कडेने वर चढवत लिहिलं, 'किंवा किशोरला'.

मग त्याने पेटीचं दार लावून घेतलं. आत सदतीस होते.